उभी गाडी, चालू इंजिन

वुंडान्यी, १८ फेब्रुवारी २००२

प्रिय मचारो,

आईने सांगितलं म्हणून लिहितोय. नाहीतर तू ज्या तऱ्हेने निघून गेलास, त्यानंतर मोठ्या भावाने आधी पत्र लिहावं असं काही झालेलं नाही. ताटात घेवडा घोटून केलेला किमांगा वाढलेला होता. तो तसाच निवून घट्ट झाला. वाकेशो दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आपली बहीण तुझ्यावर जीव टाकते हे मला ठाऊक आहे, पण तुला जणू मीच हाकललं अशा नजरेने तिने माझ्याकडे बघायचं कारण नव्हतं.

चांगाम्वेला एका आंब्याखाली तू गाड्या दुरुस्त करतोस, असं म्वालुमा सांगत होता. मोंबासाची बस तोच चालवतो, त्यामुळे तुझी खबर मिळते. मिशनच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं काढलेल्या मेकॅनिकने झाडाखाली बसावं, हे ऐकून मला बरं वाटलं नाही. पण तुला कामावरून फादर लुकांनी काढलं, मी नाही. मी फक्त विचारलं त्याचं उत्तर दिलं. आई गाडीखाली ओरडत होती, शेजारपाजारचे धावत आले होते, फादर मला हलवून हलवून विचारत होते, आणि मी म्हणालो, ब्रेक लागला नाही. ते ब्रेक दोन दिवसांपूर्वी कोणी बदलले होते, हे मी बोललोसुद्धा नाही. ते सगळ्यांना माहीतच होतं.

त्यावर तू काय बोललास ते जरा आठव. भर अंगणात, सगळ्यांसमोर. "ब्रेक ठणठणीत आहेत, पाय चुकला असेल." मचारो, तू पाटी घेऊन शाळेत जायचास तेव्हापासून मी गाडी चालवतोय. एकतीस वर्षं झाली. कोबी आणि टोमॅटोने भरलेली लॉरी म्वातातेच्या वळणांवरून मी पावसात, धुक्यात खाली नेली आहे. आधी लॉरी, मग प्रवाशांची मटाटू, मग मिशनची लँडरोव्हर. कोणाला ओरखडा नाही. त्या माणसाचा पाय चुकेल?

असो. मी तुझ्यावर रागावलेलो नाही, हे सांगायलाच लिहितोय. चूक कोणाच्याही हातून होते. एखादा नट ढिला राहतो, एखाद्या नळीत हवा राहते. आईच्या उजव्या पायाला गुडघ्याखाली प्लॅस्टर आहे. डॉक्टर म्हणतात वय झालंय, हाड सावकाश जुळेल.

फादरांनी गाडी वोईला तपासायला पाठवली होती. तिथला माणूस म्हणाला, आता तर ब्रेक ठीक दिसतात, पण एकदा दगा दिला की कोण सांगणार. मग गाडी परत माझ्याच हातात आली. रोज चालवतो. चालवताना डावा बूट काढून ठेवतो. उकाडा फार आहे सध्या.

आईला चार ओळी लिही.

तुझा मोठा भाऊ,
ग्रँटन


वुंडान्यी, ६ मार्च

मचारो,

म्वालुमाने तुझी चिठ्ठी आणून दिली. पंधरा दिवस वाट पाहिली आणि आत तीनच शब्द. "ब्रेक कसे आहेत?" मी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

ब्रेक चांगले आहेत. म्हणजे आता चांगले आहेत.

टोमणा मारायचा तर मारून घे, मी मोठा आहे, ऐकून घेईन. पण ही गाडी आपल्यासारख्यांची नाही, हे तूही मान्य करशील. मोंबासाच्या त्या भल्या माणसाने मिशनला दिली म्हणून फादरांनी लँडरोव्हर विकली, मला कोणी विचारलं? क्लच नाही. गिअर आपल्या मनाने बदलते. डाव्या पायाला काम नाही आणि डाव्या हाताला नुसता हातचाळा. स्टँडवरचे ड्रायव्हर तिला लंगडी म्हणतात. मी दिसलो की म्वालुमा सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "काय ग्रँटन, लंगडीला आज कुठे फिरवलं?"

एकतीस वर्षं वळण आलं की डावा पाय आपोआप खाली जातो. त्याला कोण सांगणार की खाली क्लच नाही, ब्रेकचं पॅडल आहे आणि ते चांगलं हातभर रुंद आहे? परवा फादर शेजारी होते, मागे सिस्टर व्हेरोनिका अंड्यांचे चार ट्रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या वळणावर गिअर उतरवायला गेलो आणि गाडी जागच्या जागी थांबली. फादरांचं कपाळ काचेवर, सिस्टरांची अंडी फादरांच्या मानेवर. मग फादर चष्मा पुसत म्हणाले, "काय रे, माकड आडवं आलं का?"

"हो फादर, माकडच."

"गेल्या आठवड्यातही आलं होतं."

"फार झालीत हल्ली."

सिस्टर म्हणाल्या, "मला कसं एकही दिसत नाही?" आणि फादर हसत सुटले. मीही हसलो. पण त्यांना उतरवल्यावर घरापर्यंत मी गाडी पायी माणसाच्या चालीने आणली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

म्हणून बूट काढतो. अनवाणी पाय सीटखाली दुमडून ठेवला की तो जागेवर आहे हे कळत राहतं. वर स्वेटर, कानाला मफलर आणि एक पाय उघडा, असा मी फिरतो. वाकेशो म्हणाली, "वेड लागलं का तुला, न्यूमोनिया होईल."

जानेवारीतली एक गोष्ट मी तेव्हा तुला मुद्दामच सांगितली नाही. बाजारात बॅटरी उतरली. मी म्हटलं, ढकला रे. आठ जण लागले, म्वालुमा सगळ्यात पुढे. बाजारापासून पोस्टापर्यंत ढकलत नेली. प्रत्येक वेळी मी गिअरचा दांडा पुढे ओढायचो, पाय सोडायचो, आणि ती ढिम्म. म्वालुमा ओरडतोय, "अजून जोर लावा, पकडतेय, पकडतेय!" शेवटी पोस्टातल्या बाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "अहो, या जातीची गाडी ढकलून कधीच चालू होत नाही. माझ्या जावयाकडे आहे तसलीच." आठ जण रस्त्यातच बसले. त्यातल्या दोघांनी अजून माझ्याशी बोलणं टाकलंय.

तेव्हापासून बॅटरीवर माझा भरवसा राहिला नाही. कुठे थांबलो तरी इंजिन बंद करत नाही. म्हणजे त्या दिवशी आईच्या अंगणातही ते चालूच होतं. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आईचा पाय अजून सुजलेला आहे. ती तुझी आठवण काढते.

ग्रँटन


वुंडान्यी, ३१ मार्च, ईस्टर

प्रिय मचारो,

प्रार्थनेनंतर म्वाकिशा काका घरी आले. सोबत दोन म्हातारे होते. आईने ओटीवर खुर्च्या मांडायला सांगितल्या.

पायाचं लक्षण चांगलं नाही. आठ आठवडे होत आले, हाड जुळत नाही. प्लॅस्टर काढलं तर खाली जखम चिघळलेली. डॉक्टर गोळ्या बदलतात. काकांनी पाय पाहिला, वाकेशोला दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाले, "औषध चालू ठेवा. पण या घरावर कोणाचा तरी राग आहे."

तुझं नाव कोणी घेतलं नाही. मग आईच म्हणाली, "माझ्या मचारोचा आहे. तो खरा का खोटा, मला माहीत नाही. पण तो पोटात घेऊन पोर तिकडे मोंबासाला बसलंय. त्याला बोलवा. त्याला तो टाकू दे."

तर तुला कुटासाला, राग फुंकून टाकायला, बोलावलंय. तू या गोष्टींना हसतोस हे मला माहीत आहे. लहानपणी काका घोट फुंकायचे तेव्हा तू मागे उभा राहून त्यांची नक्कल करायचास आणि मार खायचास. पण आईचा विश्वास आहे. तुझं काय जातं? यायचं, उसाच्या दारूचा एक घोट तोंडात घ्यायचा, फुंकून टाकायचा, आईच्या पायाला बरं वाटो म्हणायचं. त्याच दिवशी परत गेलास तरी चालेल. फादरांना कळायची गरज नाही, आणि कळलं तरी ते दुसरीकडे बघतील.

राग धरून तू आईला त्रास देतोयस असं मी म्हणत नाही. काका म्हणतात, धरणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. मीही तुला आवडत नसेल असं काही बोललो असेन. ते सोडून दे.

एक गोष्ट. काकांना मी सहज विचारलं, नुसता घोट फुंकला तर चालतं ना? ते म्हणाले, नाही, राग कशाचा आहे ते आधी मोठ्याने बोलावं लागतं, सगळ्यांसमोर. मी विचारलं, मनातल्या मनात बोललं तर? ते म्हणाले, "मनातल्या मनात तर तो आहेच की."

तेव्हा येशील तेव्हा आधी म्वातातेला उतर. मी तिथे येतो. स्टँडमागच्या हॉटेलात चहा घेऊ, दोन शब्द बोलू आणि मग बरोबरच वर जाऊ. घरी थेट जाऊ नकोस.

ग्रँटन


वुंडान्यी, १० एप्रिल

मचारो,

तू येणार असशील तर थोडा थांब. पाऊस लागलाय आणि म्वातातेच्या वरच्या बाजूला दरड आली आहे. एका बाजूने गाड्या सोडतात, पण भरवसा नाही. म्वालुमा म्हणेल की रस्ता चालू आहे. त्याचं ऐकू नकोस, त्याला सीट भरायच्या असतात.

आणि आईला बरं आहे. काल तिने चार घास खाल्ले. आठवड्याभरात प्रथमच. ताप संध्याकाळीच येतो. वाकेशो खोलीत निलगिरीचा पाला जाळते, त्याने वास कमी होतो. एवढ्यासाठी तू काम टाकून यावंस असं मला वाटत नाही. तुझं तिकडे आता बस्तान बसायला लागलं असेल, गिऱ्हाईक तुटतं.

काकांनी दिवस ठरवलाय, सत्तावीस तारखेचा शनिवार. मी त्यांना सांगेन की तुला जमत नाही.

आईने काल विचारलं, "तू मचारोला नीट लिहिलंस ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "काय लिहिलंस?" मी म्हणालो, ये म्हणून लिहिलं. ती म्हणाली, "तुला पत्र लिहायला फार वेळ लागतो. काय लिहितोस एवढं?"

तू आलास तर काय बोलशील, मचारो? अंगणात, काकांसमोर, घोट घेण्याआधी? मी दिवसभर तेच घोळवतो. गाडी चालवताना एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा तुझ्या तोंडाकडे, असं चाललंय. आज सकाळी मिशनच्या फाटकातून बाहेर पडताना दांडा रिव्हर्सच्या खुणेवर राहिला आणि मी फाटकच मोडलं. फादर बाहेर आले, फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माकडाचं नाव काढलं नाही. नुसतं म्हणाले, "ग्रँटन, ब्रेक परत गेले का रे?"

मी म्हणालो, "नाही फादर."

यापुढे काही बोलायला हवं होतं. पण फादर आत गेले.

येऊ नकोस. किंवा ये. मला कळत नाही.

ग्रँटन


वोई, २० एप्रिल

मचारो,

हे पत्र मी वोईच्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. आईला काल इथे आणलं. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. गुरुवारी, दोन मेला. तोवर ताप उतरवायचा आहे. शनिवारी कुटासासाठी तिला दोन दिवस घरी न्यायची परवानगी काकांनी मागून घेतली. आईचाच हट्ट. डॉक्टर चिडले, पण म्हणाले, न्या. तिला अजून वाटतंय की तू येशील, घोट फुंकशील आणि पाय वाचेल.

आता ऐक. आत्ता लिहिलं नाही तर परत माझ्याच्याने होणार नाही.

ब्रेक चांगले होते. तुझ्या हातात काही चूक नव्हती.

त्या दिवशी मागे मक्याची तीन पोती होती आणि वाकेशो बसली होती. आपल्या अंगणाचा चढ तुला माहीत आहे, फार नाही, पण आहे. मी पाण्याच्या टाकीकडे तोंड करून गाडी उभी केली. टाकीच्या दगडी कट्ट्यापाशी आई स्टुलावर बसून घेवडा निवडत होती. मी ब्रेकवरचा पाय काढला. गाडी हलली नाही. इंजिन चालू आणि गाडी उभी, म्हणजे गिअर निघालेला आहे. एकतीस वर्षं हे खरं होतं, मचारो. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हँडब्रेक मी कधी ओढतच नाही, तू त्यावरून किती वेळा बोललास. चाकाखाली दगड लावतो. दगड मागच्या चाकाला लावला, कारण चढावर गाडी मागे जाते. पुढे जाईल असं कोणाला वाटेल?

ती गिअरमध्येच होती. ती पुढे ओढत होती आणि वजन व चढ तिला मागे ओढत होते, म्हणून उभी दिसत होती. वाकेशो उतरली. मी पहिलं पोतं काढून नेलं, मग दुसरं. तिसरं पोतं खांद्यावर घेतलं आणि मागे वळलो तर गाडी चालायला लागली होती. अगदी सावकाश. बैल चरत पुढे जातो तशी. आईने मान वर करून पाहिलं आणि ती हसली, मचारो. तिला वाटलं मीच आत आहे.

पोतं टाकून मी धावलो. दार उघडंच होतं. आत उडी घेतली आणि दोन्ही पाय दाबले, जसे कायम दाबतो, डावा क्लचवर आणि उजवा ब्रेकवर. क्लच नव्हता. डावा पाय ब्रेकच्या कडेवरून घसरला आणि उजवा कुठे पडला ते मला इंजिनच्या आवाजाने कळलं. ती सावकाश चालली होती ना, आई सहज उठली असती. स्टूल बाजूला सरकवून उठली असती. मी आत उडी घेतली नसती तर तिला काही झालं नसतं.

सगळं माझ्या पायांनी केलं. आणि फादरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ब्रेक हा शब्द निघाला. मी ठरवून तुझ्यावर ढकललं नाही, एवढं तरी खरं मान. पण नंतर तू "पाय चुकला असेल" म्हणालास तेव्हा मला ठाऊक होतं की तू बरोबर बोलतोयस, आणि मी तुझ्या अंगावर धावून गेलो. ते मात्र मी ठरवून केलं. स्टँडवर काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. एकतीस वर्षांचा ड्रायव्हर आणि हातच्या गाडीखाली स्वतःची आई.

वाकेशोची पाठ गाडीकडे होती, तिने पाहिलं नाही. आईला फक्त गाडीचा पुढचा भाग आठवतो. म्हणजे कोणालाच माहीत नाही. मी गप्प राहिलो तर कधीच कळणार नाही.

हे म्वालुमाच्या हाती देत नाही, पोस्टात टाकतोय. तुला शनिवारच्या आत मिळेल की नाही, माहीत नाही.

ग्रँटन


वुंडान्यी, २८ एप्रिल, रविवार

मचारो,

तू काल आला नाहीस. माझं आधीचं पत्र मिळालं असेल तर का आला नाहीस ते कळतं, आणि मिळालं नसेल तर आधी ते वाच.

आईला ओटीवर खाटेवर ठेवलं होतं. काका, ते दोन म्हातारे, वाकेशो आणि शेजारचे दहा-बारा जण. म्वालुमाही आला होता, आज बस दुसऱ्याकडे दिली म्हणाला. दुपारी दोनपर्यंत सगळे रस्त्याकडे बघत बसले. मग काकांनी भोपळ्याच्या तुंब्यात दारू ओतली आणि म्हणाले, "मचारो नाही तर मोठ्या भावाने त्याच्या नावाने बोलावं. ग्रँटन, त्याचा राग कशाचा आहे ते सांग आणि घोट टाक. कधी कधी तेही चालतं."

भोपळा माझ्या हातात आला. तुझ्या नावाने मी बोललो. म्हणालो, माझं नाव मचारो. मी ब्रेक नीट बसवले होते. माझ्या भावाने गाडी गिअरमध्ये ठेवली, आत उडी घेऊन भलतंच पॅडल दाबलं, आईचा पाय चिरडला आणि माझं नाव सांगितलं. माझं काम गेलं. मी जेवणाच्या ताटावरून उठलो. हा माझा राग आहे.

एवढं बोलून घोट घ्यायचा होता. माझ्याने तो घेववला नाही. भोपळा मी काकांना परत दिला. तुझा राग माझ्या तोंडातून टाकायचा मला हक्क नाही, असं काहीतरी मी म्हणालो, नीट आठवत नाही. वाकेशो रडायला लागली होती. म्वालुमा मान खाली घालून बसला होता. मला वाटलं होतं, स्टँडवर जाऊन तो आधी हीच गोष्ट सांगेल. पण तो नुसता म्हणाला, "मी पण एकदा तसंच केलं असतं रे."

मग आईने हात पुढे केला. "इकडे आण तो."

काकांना वाटलं तिला तहान लागली आहे. ती म्हणाली, "नाही. आता माझाही आहे."

तिने राग बोलून दाखवला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. "पायाचं मला काही नाही. पाय अपघाताने गेला. पण तीन महिने हा माझ्या उशाशी बसून मला भाकरीचे तुकडे भरवत होता आणि माझ्या दुसऱ्या पोराला चोर ठरवत होता. मी मचारोला मनातून दोष दिला. माझ्याकडून तेही करवलंस. याचा मला राग आहे."

मग तिने घोट घेतला. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो होतो. आता ती फुंकेल, तोंडावर शिंतोडे येतील, आणि संपेल. मला ते हवं होतं, मचारो, लहान पोराला हवं असतं तसं. काकांनी आशीर्वादाचे शब्द म्हणायला सुरुवातही केली होती. आई माझ्याकडे बघत राहिली, गाल फुगलेले. मग तिने तो घोट गिळला.

काका थबकले. "अगं, गिळतेस काय! तोंडात आलेला राग आत घेतात का कधी? पोराला बाधेल."

आईने तोंड पुसलं. "आधी मचारो टाकेल. मग मी. तोवर राहू दे आत. या पोटात ते दोघं नऊ नऊ महिने राहिले, हा एक घोटही राहील."

मी आज सकाळी फादरांकडे जाऊन सगळं सांगितलं आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग त्यांनी तुझ्यासाठी एक पत्र लिहून दिलं, ते सोबत आहे. तुझं काम तुला परत आहे, असं त्यात आहे. गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर मी उद्या सांगणार आहे. पुढे मी काय करीन हे अजून ठरलेलं नाही. लॉरीवर कोणी घेतलं तर बघू.

पाय गुरुवारी कापणार. तू आलास तरी कापणार. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलंय आणि आईलाही ते आता कळलंय. त्यामुळे पायासाठी ये असं मी म्हणत नाही. माझ्यासाठी ये असं म्हणायला मला तोंड नाही. तुला मला बघायचं नसेल तर तू येशील त्या दिवशी मी घरी थांबणार नाही, वोईला जाऊन बसेन. घोट फुंकायचा नसेल तर नको फुंकूस. नुसता येऊन तिच्याजवळ बस.

आज सकाळपासून आईने वाकेशोला तीनदा विचारलं, मोंबासाची बस आली का. मी शेजारी उभा होतो. कालपासून ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही.

ग्रँटन